केमोथेरपी : घेणाऱ्याच्या बाजूने

२७ ऑगस्ट १९४२ रोजी सकाळी दहा वाजता अमेरिकेतील न्यू हेवन येथे, येल विद्यापीठाशी जोडलेल्या रुग्णालयात, एका माणसाच्या शिरेत एक औषध टोचण्यात आले. कागदोपत्री त्या औषधाला नाव नव्हते. युद्धकाळातील गुप्ततेमुळे 'एक्स पदार्थ' एवढाच उल्लेख होता. त्या माणसालाही वैद्यकाच्या इतिहासात पूर्ण नाव नाही. तो नुसता जे. डी. वय ४८, मूळचा पोलंडचा, बॉल-बेअरिंगच्या कारखान्यातला कामगार. लसिका ग्रंथींच्या कर्करोगाने त्याचा गळा आणि काखा इतक्या भरल्या होत्या की त्याला धड गिळता येत नव्हते, हात वर करता येत नव्हते. क्ष-किरणांचा उपचार आधी झाला होता आणि आता तो लागू पडेनासा झाला होता.

रोज एक याप्रमाणे दहा इंजेक्शने ठरली. चार-पाच दिवसांतच गाठी बसू लागल्या. तो झोपू लागला, जेवू लागला. मग रक्तातील पांढऱ्या पेशी कोसळल्या, रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी झाल्या, हिरड्यांतून रक्त येऊ लागले. गाठी परत आल्या. औषधाची दुसरी फेरी झाली, तिसरी झाली. प्रत्येक वेळी गुण कमी आणि थोडाच काळ. १ डिसेंबर १९४२ रोजी तो गेला. पहिल्या मात्रेपासून तो ९६वा दिवस होता. शिरेतून कर्करोगावर रासायनिक औषध दिले गेलेला हा पहिला रुग्ण मानला जातो. त्याचे मूळ वैद्यकीय कागद येलच्याच दोघा शल्यचिकित्सकांनी शोधून काढले आणि २०११ साली त्यावर लेख प्रसिद्ध केला, तोपर्यंत ही हकिकत बरीचशी आठवणींवरच चालत आली होती.

मी तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला, निवृत्तीनंतर मोडी कागदांचे लिप्यंतर करते. चार वर्षांपूर्वी मला स्तनाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रियेनंतर चार वेळा एक 'लाल औषध' आणि त्याच्यासोबत दुसरे पांढरे, दर तीन आठवड्यांनी. त्यानंतर पॅक्लिटॅक्सेल नावाचे तिसरे, दर आठवड्याला एक, असे बारा आठवडे ठरले. सलाईन चढत असताना करण्यासारखे काही नसते. मी ही औषधे कुठून आली ते वाचू लागले. इतिहासाच्या माणसाला एक खोड असते : कागद हाती आला की तो कोणी लिहिला आणि कोणाविषयी लिहिला, हे आधी पाहायचे. केमोथेरपीचा इतिहास मुख्यतः औषध देणाऱ्यांनी लिहिलेला आहे. औषध घेणाऱ्याची साक्ष त्यात कुठे, केव्हा आणि किती मोजली गेली, एवढाच या लेखाचा शोध आहे.

वायू आणि समुद्र

जे. डी.ला दिलेला पदार्थ म्हणजे नायट्रोजन मस्टर्ड, पहिल्या महायुद्धातील मस्टर्ड वायूचा भाऊबंद. (मोहरीशी त्याचा संबंध फक्त वासापुरता.) जुलै १९१७ मध्ये बेल्जियममधील इप्र येथे जर्मनांनी हा वायू प्रथम वापरला. कातडी भाजणे, डोळे जाणे, फुप्फुसे सडणे हे सगळ्यांनी पाहिले. १९१९ साली क्रुंबार दांपत्याने आणखी एक गोष्ट नोंदवली : या वायूने मेलेल्या सैनिकांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी नाहीशा झाल्या होत्या, अस्थिमज्जा रिकामी पडली होती. या नोंदीचा उपयोग व्हायला तेवीस वर्षे आणि दुसरे महायुद्ध लागले. येलमधील लुई गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन हे दोघे रासायनिक अस्त्रांवर सरकारी काम करत होते. जो पदार्थ निरोगी माणसाच्या पांढऱ्या पेशी मारतो, तो त्याच पेशींच्या कर्करोगावर का चालू नये, असा त्यांचा साधा तर्क होता. युद्ध संपून १९४६ उजाडेपर्यंत त्यांना हे उघडपणे छापता आले नाही.

लोकप्रिय पुस्तकांत केमोथेरपीचा जन्म इटलीतील बारी बंदरात झाला असे हमखास लिहिलेले असते. २ डिसेंबर १९४३ च्या रात्री जर्मन विमानांनी त्या बंदरावर बॉम्ब टाकले. 'जॉन हार्वी' या अमेरिकन जहाजाच्या पोटात मस्टर्डचे दोन हजार बॉम्ब होते आणि ते गुपित जाणणारी माणसे जहाजासोबत बुडाली. पाण्यातून काढलेल्या खलाशांना डॉक्टरांनी तेलाने भिजलेल्या कपड्यांनिशी कांबळ्यांत गुंडाळून ठेवले, कारण त्या तेलात काय मिसळले आहे हे त्यांना माहीतच नव्हते. सहाशेहून अधिक माणसे बाधित झाली, त्यातली ८३ रुग्णालयात मेली. डॉ. स्ट्युअर्ट अलेक्झांडर यांनी कारण ओळखले, पण त्यांचा अहवाल दडपून ठेवला गेला. बारीची घटना खरी आहे आणि तिने या संशोधनाला जोर दिला हेही खरे. पण तेव्हा जे. डी.ला जाऊन वर्ष झाले होते. जन्मकथेत बॉम्ब असला की गोष्ट रंगते, एवढेच.

मला मात्र बारी वेगळ्याच कारणाने लक्षात राहिली. माझ्या दोन औषधांपैकी पांढरे, सायक्लोफॉस्फामाइड, हे त्याच नायट्रोजन मस्टर्डचे १९५०च्या दशकात जर्मनीत घडवलेले सुधारित रूप. आणि लाल औषध, डॉक्सोरुबिसिन, याचे मूळ इटलीच्या त्याच आपुलिया प्रांतातील आहे. कास्तेल देल मोंते या मध्ययुगीन किल्ल्याच्या परिसरातील मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून मिलानच्या फार्मितालिया कंपनीने प्रथम डॉनोरुबिसिन आणि मग हे औषध काढले. एड्रियाटिक समुद्रावरून त्याचे नाव 'एड्रियामायसिन' ठेवले. बारी त्याच समुद्रावर आहे. एकाच सकाळी माझ्या एकाच शिरेतून एका बंदराचे वीष आणि शेजारच्या किल्ल्याची माती जात होती. सुझन सोन्टाग यांनी स्वतः केमोथेरपी घेतल्यावर १९७८ साली कर्करोगाभोवतीच्या युद्धाच्या भाषेवर जोरदार आक्षेप घेतला. तो मला पटतो. पण पांढऱ्या बाटलीपुरते तरी युद्ध ही उपमा नाही, वंशावळ आहे.

लाल औषधाने दोन दिवस लघवी लाल होते. शिरेबाहेर गळले तर मांस जळते, म्हणून ते देताना नर्स हलत नाही. सगळ्यांत मोठी भीती हृदयाची. या औषधाचा हिशेब जन्मभराचा असतो : शरीराच्या दर चौरस मीटरमागे सुमारे ५५० मिलिग्रॅमच्या पुढे हृदय निकामी होण्याचा धोका झपाट्याने वाढतो, हे १९७०च्या दशकात रुग्ण दगावल्यावर कळले आणि पुढे ती मर्यादा आणखी खाली आणली गेली. माझ्या चार मात्रांची बेरीज २४० होते. हा आकडा सुरक्षित का आहे हे शोधताना, तो कोणाच्या हृदयांवरून ठरला हे डोक्यातून जात नाही.

परळमधून गेलेली वाट

या इतिहासाची एक वाट आपल्या अंगणातून जाते आणि ती मराठीत फारशी लिहिली गेलेली नाही. १९२८ साली ल्युसी विल्स ही इंग्रज वैद्यकसंशोधक मुंबईत आली. गिरणगावातील कामकरी स्त्रिया गरोदरपणात एका विचित्र पांडुरोगाने मरत होत्या; लोह देऊन उपयोग होत नव्हता. परळच्या हाफकिन संस्थेत काम करताना विल्स यांनी या स्त्रियांचे खाणे तपासले आणि यीस्टचा स्वस्त अर्क, म्हणजे इंग्रज घरांत पावाला लावतात ते मार्माइट, दिल्यावर त्या बऱ्या होतात हे दाखवले. १९३१ साली तिचा निबंध प्रसिद्ध झाला. त्या अर्कातला अनोळखी घटक बरीच वर्षे 'विल्स फॅक्टर' म्हणून ओळखला जाई. पुढे तो फॉलिक आम्ल निघाला. नव्या पेशी तयार होताना लागणारा हा पदार्थ.

आंध्रातील भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते. त्यांच्या चमूने १९४५च्या सुमारास फॉलिक आम्ल कृत्रिमरीत्या बनवले. बोस्टनमध्ये सिडनी फार्बर हे बालरोगविकृतितज्ज्ञ रक्ताच्या कर्करोगाने मरणाऱ्या मुलांवर काही उपाय शोधत होते. फॉलिक आम्लाच्या जातीची द्रव्ये दिल्यावर मुलांचा रोग उलट भडकतो आहे असे त्यांना दिसले. मग विचार उलटा फिरला : पेशीला फॉलिक आम्लासारखे दिसणारे, पण काम न करणारे काही दिले तर? कुलपात तोतया किल्ली अडकवून ठेवण्याचा हा प्रकार. सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेने ती तोतया किल्ली, अमिनोप्टेरिन, पाठवली. जून १९४८ मध्ये फार्बर यांनी १६ मुलांची हकिकत छापली. त्यातील १० मुलांना काही काळ गुण आला होता. सुब्बाराव त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेले.

मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले, तेव्हा तिथे कर्करोगावर चाकू आणि किरण याखेरीज तिसरे शस्त्र नव्हते; जगात कुठेच नव्हते. आणि ज्या संस्थेत विल्स गिरणीकामगार बायकांचे रक्त काचेवर पसरून पाहत होत्या, ती हाफकिन संस्था तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. अमिनोप्टेरिनचे धाकटे भावंड मेथोट्रेक्सेट आज तिथल्या औषधभांडारात असते. त्या बायकांची नावे इतिहासाला माहीत नाहीत. जे. डी.ला निदान दोन अक्षरे मिळाली.

फार्बर यांच्या निबंधात एका दुष्परिणामाचा उल्लेख आहे : तोंड येणे. तो वाचून मी थांबले. तोंड का येते याचे उत्तर या उपचाराच्या मुळाशी आहे. ही औषधे कर्करोग ओळखत नाहीत. भराभर विभागणारी पेशी एवढेच त्यांना कळते. अस्थिमज्जा, केसांची मुळे, तोंडापासून आतड्यापर्यंतचे अस्तर, ही शरीरातील सर्वांत कामसू ठिकाणे. म्हणून पहिला मार तिथे. औषधानंतर सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान पांढऱ्या पेशी तळाला जातात, तोंडात चट्टे उठतात, आणि पुढच्या मात्रेपर्यंत सगळे कसेबसे भरून येते. तीन आठवड्यांचे अंतर हे त्या भरून येण्याचे अंतर आहे. माझ्या त्या दिवसांत मऊ भात, ताक आणि उकडलेला दुधी एवढेच घशाखाली उतरे. आमसुलाचे सार एरवी माझा जीव की प्राण. त्याच्या एका घोटाने डोळ्यांत पाणी आले. १९४८ च्या बोस्टनमधील चार-पाच वर्षांच्या मुलांना काय वाटले असेल, हे त्या निबंधात नाही. वैद्यकीय निबंध त्यासाठी नसतो, हेही मला मान्य आहे.

उलटीचा क्रमांक पहिला

१९५० ते १९८० ही तीस वर्षे विजयाची म्हणून सांगितली जातात आणि तो विजय खोटा नव्हता. १९५६ साली मिन चिऊ ली आणि रॉय हर्ट्झ यांनी मेथोट्रेक्सेटने गर्भवेष्टनाचा कर्करोग पूर्ण बरा केला. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर चार-चार औषधे एकदम देण्याची पद्धत आली. आपल्या दारच्या सदाफुलीतून व्हिनक्रिस्टिन निघाले. १९७६ मध्ये मिलानच्या बोनादोन्ना यांनी दाखवले की स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपी दिली तर रोग परतण्याचे प्रमाण घटते. मला गाठ काढल्यानंतरही औषध घ्यावे लागले ते या निष्कर्षामुळे, आणि मी आज लिहिते आहे तेही कदाचित त्यामुळेच.

पण या काळात एक समजूत घट्ट झाली. औषध जितके कडू तितके गुणकारी, असे आपल्याकडे म्हणतात. केमोथेरपीत ती नुसती म्हण राहिली नाही, धोरण झाले. त्रास ही किंमत होती आणि किंमत देणाऱ्याने तक्रार करायची नसते. मिशिगनमध्ये बार्नेट रोझेनबर्ग यांना १९६५ साली विजेचा प्रयोग करताना प्लॅटिनमच्या संयुगाने जिवाणूंचे विभाजन थांबते हे योगायोगाने दिसले. त्यातून सिसप्लॅटिन आले. वृषणाच्या कर्करोगाने मरणारे तरुण त्याने बरे होऊ लागले. पण हे औषध घेणारे जवळजवळ सगळेच भडाभडा ओकत, काही जण दिवसातून दहा-दहा वेळा. काहींनी बरे होण्याची चांगली शक्यता असूनही उपचार अर्धवट सोडले. काहींना रुग्णालयाची इमारत दिसली तरी उलटी होई. वैद्यकात याला 'पूर्वकल्पित मळमळ' म्हणतात. कुत्र्याला घंटा ऐकून लाळ सुटावी तसाच हा प्रकार.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला कागद ऑस्ट्रेलियातला आहे. १९८३ साली सिडनीच्या अॅलन कोट्स आणि सहकाऱ्यांनी केमोथेरपी घेणाऱ्या ९९ रुग्णांपुढे पत्ते ठेवले. प्रत्येक पत्त्यावर एक त्रास लिहिलेला. तुम्हाला होतात ते निवडा, मग सर्वांत जाचक कोणता ते क्रमाने लावा. इतकी साधी रीत. पहिला क्रमांक उलटीचा आला, दुसरा मळमळीचा, तिसरा केस जाण्याचा. चौथ्या क्रमांकावर होते : उपचाराला यायचे आहे हा विचार. पाचव्यावर : तिथे लागणारा वेळ. शेवटचे दोन कोणत्याही तपासणीत दिसत नाहीत, रक्ताच्या कुठल्याही अहवालात उतरत नाहीत. विचारल्याशिवाय ते कळणार कसे? जे. डी.च्या पहिल्या इंजेक्शनपासून हे पत्ते मांडले जाईपर्यंत एक्केचाळीस वर्षे गेली होती.

उलटीवर उपाय याच सुमारास सापडू लागले. १९८१ मध्ये रिचर्ड ग्राला यांनी मेटोक्लोप्रमाइड मोठ्या मात्रेत देऊन सिसप्लॅटिनची उलटी बरीच आटोक्यात येते हे दाखवले. मग कळले की केमोथेरपीने आतड्यातील पेशी सेरोटोनिन सोडतात आणि तो निरोप मज्जातंतूंवाटे मेंदूतील उलटीच्या केंद्राला जातो. तो निरोप वाटेतच अडवणारे ऑन्डान्सेट्रॉन १९९०-९१ मध्ये बाजारात आले. पुढच्या दशकातील पाहण्यांत उलटी पहिल्या क्रमांकावरून खाली घसरली. तिच्या जागी मळमळ आणि अथक थकवा वर आले. २००२ च्या एका फ्रेंच पाहणीत तर पहिला क्रमांक शरीराच्या त्रासाचा नव्हताच. रुग्णांनी निवडले होते : माझ्यामुळे घरच्यांना होणारा त्रास.

ऑन्डान्सेट्रॉनच्या पिढीतली असल्याने मी सबंध उपचारात दोनदाच ओकले. मळमळ मात्र होती, आणि तिला कारण लागत नसे. फोडणीतला हिंग, नव्या वहीचा कागद, नर्सच्या हातावरचे सॅनिटायझर. शेजारच्या खुर्चीत जुन्नरकडच्या एक आजी असायच्या. लाल बाटली आली की त्या डोळ्यांवर पदर ओढून घ्यायच्या आणि संपेपर्यंत काढायच्या नाहीत. "बघितलं की पोट ढवळतं बाई," म्हणायच्या. त्यांनी कोट्स यांचा चौथा पत्ता एका वाक्यात सांगितला होता.

केस

केस जाण्याचा क्रमांक सगळ्या पाहण्यांत वरचा आहे, मग देश कोणताही असो. डॉक्टरांच्या दृष्टीने हा सर्वांत निरुपद्रवी दुष्परिणाम : दुखत नाही, धोका नाही, परत येतात. डोक्यावर बर्फाच्या पिशव्या ठेवून रक्तवाहिन्या आकसायच्या, म्हणजे मुळांपर्यंत औषध कमी पोचते, हा उपाय १९७०च्या दशकात सापडला; पण त्याचे यंत्र अमेरिकेत अधिकृतपणे मान्य व्हायला डिसेंबर २०१५ उजाडले. एवढा उशीर का, याचे उत्तर 'निरुपद्रवी' या शब्दातच आहे.

महाराष्ट्रात या गोष्टीला आणखी एक पदर आहे. माझ्या आजेसासूबाई सोवळ्या होत्या, म्हणजे केशवपन केलेल्या. विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असे १८९० साली मुंबईतील नाभिकांनी ठरवले. त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे यांची प्रेरणा होती. तरी ही चाल त्यानंतरही दोन पिढ्या घराघरांत रेंगाळली. दुसऱ्या मात्रेच्या आधीच माझे केस पुंजक्यांनी येऊ लागले तेव्हा मी मशीन फिरवून घेतले. यजमान समोर ठणठणीत बसलेले, आणि माझ्या ब्याण्णव वर्षांच्या आत्या मला पाहून भिंतीकडे तोंड करून बसल्या. त्यांना माझ्या आजाराची कल्पना होती. पण कर्करोग त्यांनी पाहिलेला नव्हता. बोडके डोके पाहिलेले होते. परदेशी प्रश्नावलीत या दुःखाला पत्ता नाही.

जास्त म्हणजे चांगले

१९८०-९०च्या दशकांत कडू-तितके-गुणकारी या समजुतीने टोक गाठले. स्तनाच्या कर्करोगासाठी रुग्णेची अस्थिमज्जा आधी काढून ठेवायची, मग एरवी जीवघेणी ठरेल एवढी केमोथेरपी द्यायची, आणि शेवटी तिचीच मज्जा परत घालून तिला वाचवायचे. अमेरिकेत विमा कंपन्या पैसे देईनात, म्हणून खटले झाले. १९९३ साली एका ज्युरीने नकार देणाऱ्या कंपनीला ८.९ कोटी डॉलरचा दंड सुनावला. हजारो स्त्रियांनी हा उपचार घेतला. काही जणी कर्करोगाने नव्हे, उपचारानेच गेल्या. मे १९९९ मध्ये वेगवेगळ्या चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र मांडले गेले, तेव्हा फक्त दक्षिण आफ्रिकेच्या वर्नर बेझवोडा यांच्याच चाचणीत ठोस फायदा दिसत होता. २००० च्या सुरुवातीला तपासणी पथक जोहान्सबर्गला गेले आणि ती चाचणी बनावट निघाली.

दुर्दैव असे की इशारा रुग्णांकडूनच आला होता. पत्रकार रोझ कुश्नर स्वतः स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्ण होत्या. जुन्या काळी सरसकट छाती खरवडून काढणारी हाल्स्टेड शस्त्रक्रिया होत असे, तसेच आता ही आक्रमक केमोथेरपी होऊ पाहते आहे का, असा प्रश्न त्यांनी १९८४ साली वैद्यकीय नियतकालिकातच विचारला. केमोथेरपीला नाकारणारा हा प्रश्न नव्हता. किती आणि कशासाठी, एवढेच त्यांना विचारायचे होते.

नंदुरबार ते यू वृक्ष

माझे तिसरे औषध, पॅक्लिटॅक्सेल, हे ऑगस्ट १९६२ मध्ये अमेरिकेच्या वायव्य भागातील यू वृक्षाच्या सालीपासून सुरू होते. वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर बार्कले यांनी गोळा केलेली साल नॉर्थ कॅरोलिनातील संशोधन संस्थेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांच्याकडे पोचली. वाणी यांचा जन्म १९२५ साली नंदुरबारचा, शिक्षण मुंबई विद्यापीठात. या दोघांनी १९७१ मध्ये त्या सालीतील रेणूची रचना प्रसिद्ध केली. आणखी एक महत्त्वाचे कर्करोगविरोधी द्रव्य, कॅम्पटोथेसिन, हेही यांचेच काम. २०२० साली वाणी गेले. नंदुरबारच्या माणसाने शोधलेले औषध पुण्यात माझ्या हातात जात होते आणि त्या खोलीतील कोणालाही ते ठाऊक नव्हते, मी सांगितल्यावर तरुण नर्स म्हणाली, "काकू, माझं माहेर शहाद्याचं!"

हा रेणू पाण्यात विरघळत नाही. त्यासाठी एरंडेल तेलापासून बनवलेले एक द्रावक वापरावे लागले, आणि सुरुवातीच्या चाचण्यांत त्याच द्रावकाने रुग्णांना इतक्या तीव्र ॲलर्जी आल्या की औषध बाद होण्याच्या बेतात होते. सावकाश सलाईन आणि आधी स्टेरॉइड, ही तोड निघाली. डिसेंबर १९९२ मध्ये ते अमेरिकेत मंजूर झाले. ते पेशीच्या आतील सूक्ष्मनलिका गोठवते, असे सुझन हॉरविट्झ यांनी १९७९ मध्ये दाखवले होते. पेशी मग विभागू शकत नाही. पण याच नलिका मज्जातंतूंच्या आत रस्त्यांसारख्या असतात आणि सर्वांत लांब रस्ते बोटांपर्यंतचे. म्हणून बधिरता हातमोजे-पायमोजे घातल्यासारखी टोकाकडून चढत येते. ती थांबवणारे खात्रीचे औषध आजही नाही.

मोडी कागद जुना, पातळ, एकाला एक चिकटलेला असतो. हाताला एक पान लागले की दोन, हे डोळ्यांना कळत नाही, बोटांच्या टोकांनाच कळते. सातव्या आठवड्यापासून मला ते कळेनासे झाले. ब्लाउजची हुके लागेनात. मी दर आठवड्याला सांगत होते. पुढे माझी फाईल पाहायला मिळाली तेव्हा प्रत्येक आठवड्यासमोर इंग्रजीत एकच शेरा होता : 'टॉलरेटेड वेल', व्यवस्थित सहन केले. ही भाषा एका रुग्णालयाची नाही. दुष्परिणामांना शून्य ते पाच गुण देण्याची पद्धत १९८०च्या दशकापासून जगभर आहे. पाच म्हणजे मृत्यू. गुण देतो डॉक्टर, सोसतो रुग्ण. बोलता-चालता येते, स्वतःचे स्वतः करता येते, मग एक किंवा दोन. लिप्यंतर करता येत नाही याला त्या कोष्टकात जागा नाही.

ही जागा करता येते आणि केल्याने काय होते, याचा पुरावा न्यूयॉर्कमध्ये ईथन बाश यांनी दिला. केमोथेरपी घेणाऱ्या ७६६ रुग्णांपैकी काहींना आपले त्रास संगणकावर स्वतः नोंदवायला सांगितले, काही फार वाढले की नर्सला सूचना जाई. उरलेल्यांची नेहमीची विचारपूस. उद्देश त्रास कमी करण्याचा होता. २०१७ मध्ये आयुष्याचा हिशेब जाहीर झाला : स्वतः नोंदवणाऱ्या गटातील निम्मे रुग्ण ३१.२ महिन्यांपर्यंत हयात होते, दुसऱ्या गटात हा आकडा २६ महिने. कोणतेही नवे औषध नव्हते. फक्त विचारले होते आणि उत्तराकडे लक्ष दिले होते.

तो निबंध छापून मी डॉक्टर मॅडमसमोर ठेवला आणि माझ्या बोटांच्या नोंदींची वही ठेवली. त्यांनी दोन्ही वाचले. उरलेल्या दोन मात्रांचा फायदा किती आणि बधिरता कायम राहण्याचा धोका किती, यावर आम्ही अर्धा तास बोललो. इतका वेळ प्रथमच. दहाव्या मात्रेनंतर थांबायचे ठरले. निर्णय बरोबर होता की नाही हे एका माणसावरून सिद्ध होत नाही. अंगठा आणि तर्जनी वर्षभराने परत आली. करंगळ्या अजून नाहीत.

मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या डॉक्टरांनी २०२४ साली 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त एक चाचणी प्रसिद्ध केली. उलटीवर जगभर दिल्या जाणाऱ्या ओलान्झापीन या औषधाची मात्रा दहा मिलिग्रॅम असते, आणि ती घेणारे रुग्ण दिवसभर पेंगत. त्यांनी अडीच मिलिग्रॅम देऊन पाहिले. उलटी तेवढीच थांबली आणि पेंग कमी झाली.